पोर्टलचे फॅन मॉड खेळून झाल्यावर मत कसं लिहायचं (नुसतं 'भारी' लिहून भागत नाही)

पोर्टल 2 (भिंतींवर एकमेकांना जोडलेली दोन दारं, म्हणजे पोर्टल, मारून कोडी सोडवायचा कॉम्प्युटर गेम) संपलाय, अजून मन भरलेलं नाही आणि आता तुम्ही फॅन लोकांनी बनवलेले मॉड, म्हणजे मूळ गेमवर उभे केलेले नवे खेळ, शोधताय, तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. यातले बरेच मॉड फुकट आहेत, पण त्यांच्यामागे कोणाची तरी वर्षं गेलेली असतात, कॉलेज किंवा नोकरी सांभाळून रात्री जागून एकेक चेंबर (कोड्याची खोली) बनवलेलं असतं आणि बदल्यात त्या माणसाला मिळतं काय तर खेळणाऱ्याचं मत, बस. म्हणून ते मत नीट द्यावं असं मला मनापासून वाटतं. आमचा इंदूरचा छोटा ग्रुप आहे, कोणी रामबागेतला, कोणी लोकमान्य नगरचा, कोणी राजेंद्रनगरचा, सगळे घरात मराठी आणि बाहेर पडलं की 'काय भिया' सुरू. आम्ही मॉड खेळतो आणि बनवणाऱ्यांना लिहून पाठवतो, त्यातून जी पद्धत बसलीये ती इथे सांगतोय.

आधी काय खेळायचं ते बघू. पोर्टल स्टोरीज: मेल (2015), पोर्टल रीलोडेड (2021) आणि पोर्टल: रिव्होल्यूशन (2024) या तिघांची स्टीमवर, म्हणजे गेम विकत घ्यायच्या ऑनलाइन दुकानात, स्वतःची पानं आहेत, तिन्ही फुकट, फक्त तुमच्याकडे पोर्टल 2 विकत घेतलेला हवा. रिव्होल्यूशनची गोष्ट पोर्टल 2 च्या आधी घडते. रीलोडेडमध्ये तिसरं पोर्टल आहे, काळाचं, त्यातून गेलात की तीच खोली 20 वर्षांनंतरची दिसते. 25 कोडी आहेत आणि नियम असा की आजचा क्यूब (उचलून नेता येणारा ठोकळा) हलवला की 20 वर्षांनंतरचा क्यूबपण त्या जागी येतो, पण तिकडचा हलवला तर आजच्यावर काही परिणाम होत नाही. हा एक नियम डोक्यात पक्का बसायलाच वेळ लागतो आणि मला विचाराल तर पोर्टलच्या फॅन मॉडमध्ये याच्याइतकी स्वच्छ कल्पना दुसरी नाही. नवीन असाल तर मेलच्या स्टोरी मोडपासून (त्यात कोडी सोपी केलेली आहेत) सुरुवात करा. जुना पोर्टल: प्रेल्यूड (2008) मात्र लगेच हातात घेऊ नका, तो पहिल्या पोर्टलवर बनवलेला आहे आणि अवघडपणासाठीच ओळखला जातो.

खेळताना शेजारी वही ठेवा, फोन नको, कारण फोन हातात घेतला की माणूस उत्तर शोधायला लागतो आणि उत्तर बघून सोडवलेल्या कोड्यावर तुमचं मत काहीच उरत नाही. वहीत मराठीतच लिहा, जसं मनात येईल तसं, 'इथे लेझर कुठे न्यायचा कळेना', 'हा दरवाजा कशाने उघडला?', एवढंच. चेंबरचा नंबर किंवा लिफ्टपासून कितवी खोली ते टाका, नाहीतर संध्याकाळी वही उघडल्यावर कुठली ओळ कुठल्या खोलीची ते आठवत नाही.

आता मुख्य मुद्दा, याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. 'खूप अवघड आहे' हे मत बनवणाऱ्याच्या काहीही कामाचं नाही. आपल्याकडे सकाळी पोह्याच्या ठेल्यावर नुसतं 'ठीक होते' म्हणून निघून गेलात तर त्या माणसाला कसं कळणार की शेव बरोबर होती, जिरावण (वरून भुरभुरायचा मसाला) कमी पडलं? तसंच इथेपण आहे. तुम्ही अडकलात म्हणजे नेमके कशात अडकलात? काय करायचं तेच सुचलं नाही? की सुचलं होतं पण जी भिंत वापरायची ती दिसलीच नाही? की सुचलंही, दिसलंही, पण हवेत उडी घेऊन मधेच पोर्टल मारायचं होतं आणि हात चालला नाही? ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिघांवरचा इलाज वेगळा. पहिलं असेल तर कदाचित ते कोडं चांगलंच आहे, थोडा वेळ द्या, एक रात्र जाऊ द्या. दुसरं असेल तर खोलीची मांडणी चुकली आहे आणि हे बनवणाऱ्याला कळायलाच हवं. तिसरं असेल तर तो कोड्याचा अवघडपणा नाही, हाताच्या सफाईचा आहे, आणि कोड्यांच्या गेममध्ये तो किती असावा यावर खेळणाऱ्यांचं कधी एकमत होत नाही (माझं मत असं की फार कमी असावा, विचार करून उत्तर सापडल्यावर तेच उडी मारणं परत परत करायला लावलं तर सापडल्याचा आनंदच निघून जातो).

दुसऱ्या प्रकाराचं एक उदाहरण अगदी जवळून बघितलंय. आमच्यातल्या एकाने पोर्टल 2 मधल्याच पझल मेकरमध्ये एक चेंबर बनवलं होतं. बटणावर क्यूब ठेवला की दार उघडणार, क्यूब समोरच्या उंच कठड्यावर, डाव्या भिंतीतून उंचावरून प्रकाशाचा, चालता येईल असा पूल निघतो आणि उजव्या पांढऱ्या भिंतीला जाऊन लागतो. करायचं एवढंच की पूल जिथे भिंतीला लागतो तिथे एक पोर्टल आणि दुसरं ज्या दारातून आत आलो त्या दाराच्या वरच्या पांढऱ्या पॅनलवर, म्हणजे पूल सरळ कठड्याला जाऊन टेकतो, बाजूच्या जिन्याने त्यावर चढायचं. माझी मावसबहीण खेळायला बसली आणि तो मागे उभा, आम्ही त्याला आधीच सांगितलेलं की तोंडातून एक शब्द काढायचा नाही. ती आत आली, बटण बघितलं, बटणापासून दारापर्यंत जाणारे निळे ठिपके बघितले, क्यूब शोधला, पूल बघितला, आणि थोड्याच वेळात म्हणाली, "पूल कठड्याकडे न्यायचाय ते कळलं रे, पण न्यायचा कुठून?" म्हणजे कोडं तिने सोडवलं होतं! पण ते पॅनल तिच्या पाठीमागे होतं, आणि ज्या दारातून आलो त्याच्या वर मान करून बघायचं कोणाला कशाला सुचेल. ती खालच्या प्रत्येक पांढऱ्या फरशीवर पोर्टल मारत बसली, शेवटी कंटाळून उठली. त्याने नंतर आत यायचं दार बाजूच्या भिंतीला हलवलं, एवढाच बदल, आता खोलीत शिरल्या शिरल्या ते पॅनल नजरेत येतं. पुढचा जो खेळायला बसला तो पूल आणि पॅनल यांच्याकडे आलटून पालटून बघत विचार करत बसला, आणि कोड्यात माणसाने तेच तर करायला हवं.

म्हणून शक्य असेल तर एकट्याने खेळण्यापेक्षा दुसऱ्याला खेळताना बघा. तो कुठे बघतो, आधी कशाला हात लावतो, कुठे थांबतो हे लिहून घ्या. पहिल्या पोर्टलमध्ये डेव्हलपर कॉमेंटरी आहे, ती चालू करून एकदा खेळा, त्यात बनवणारे लोक सारखं सांगत असतात की अमुक खोलीत खेळणारे अडकले म्हणून आम्ही तमुक बदललं. तो गेम एवढा सहज वाटतो त्याचं कारण तिथे आहे.

मग लिहायला बसा. बनवणारे कुठल्याही देशातले असू शकतात म्हणून इंग्रजीत लिहावं लागतं, पण घाबरायचं काही कारण नाही, छोटी वाक्यं लिहा आणि हा क्रम ठेवा: कुठली खोली, मी काय बघितलं, मला काय वाटलं, मी काय केलं, मग काय झालं. उपाय सुचवायचा मोह होतो, तो शेवटी एका ओळीत सुचवा किंवा सोडूनच द्या, कारण ती खोली तशी का आहे हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, त्याला तुमचा अनुभव हवाय. आणि जे आवडलं तेपण तितकंच नेमकं लिहा. 'रीलोडेड मस्त' यापेक्षा 'भविष्यातला क्यूब आज आणता येतो हे ज्या क्षणी लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीत उठून बसलो' हे वाचून त्याला कळतं की कुठली गोष्ट पुढच्या अपडेटमध्ये हलवायची नाही.

स्पॉयलर सांभाळा. स्टीमवर स्पॉयलर टॅग मिळतो, तो टाकला की तेवढा मजकूर झाकलेला राहतो. उत्तराचा भाग नेहमी त्यातच लिहा, दुसऱ्याचं कोडं फोडणं वाईट.

बग (गेममधली चूक) सापडला तर तो मतात घुसवू नका, वेगळा लिहा. सेटिंग्जमध्ये डेव्हलपर कन्सोल (कमांड टाइप करायची खिडकी) चालू करा, कीबोर्डवरच्या 1 च्या डाव्या बाजूची की दाबली की उघडतो, त्यात 'getpos' असं सलग टाइप करून एंटर मारा, तुम्ही उभे आहात त्या जागेचे आकडे येतात, ते जसेच्या तसे कॉपी करा. 'status' टाइप केलं की मॅपचं नाव मिळतं. एफ 12 ने स्क्रीनशॉट. एवढं दिलंत की बनवणारा थेट त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहू शकतो, नाहीतर 'मी भिंतीत अडकलो' यावरून बिचारा शोधत बसणार.

गोष्ट, आवाज, संगीत याबद्दल फार ताणू नका, आवडलं-नाही आवडलं आणि का ते दोन ओळीत पुरे. फक्त एक, ग्लाडोससारखा (मूळ गेममधली टोमणे मारणारी कॉम्प्युटर) विनोद प्रत्येक मॉडमध्ये हवाच अशी अपेक्षा धरून बसू नका. मेलमध्ये पात्रं वेगळी आहेत, काळ वेगळा आहे, त्याला त्याच्या जागी बघा.

दुसऱ्यांची मतं वाचताना काय बघायचं तेपण सांगतो, कारण खेळायचं की नाही हे आपण त्यावरूनच ठरवतो. स्टीमवर प्रत्येक मताबरोबर त्या माणसाने किती तास खेळलंय ते दिसतं. अर्धा तास खेळून 'कोडी फालतू' लिहिलेलं असेल तर ते फक्त सुरुवातीच्या खोल्यांबद्दलचं मत आहे, तेवढंच समजा. अंगठा वर आहे की खाली यापेक्षा तो माणूस कशासाठी आला होता ते शोधा, गोष्टीसाठी आलेला आणि कोड्यांसाठी आलेला या दोघांना एकच मॉड वेगळा लागतो. मला तर नाराज लोकांची लांबलचक मतं जास्त उपयोगी वाटतात, नेमकं काय खटकलं ते त्यात असतं, आणि कधी कधी त्याला जे खटकलं तेच मला हवं असतं. 'वाट कुठे आहे ते सांगतच नाहीत' असं कोणी चिडून लिहिलं की मी तो मॉड उतरवूनच घेतो.

आणि तुमच्या लिहिण्याने काही होत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला मेल हा मॉड दाखवा. तो आला तेव्हा फार अवघड आहे अशी बऱ्याच जणांची तक्रार होती, मग बनवणाऱ्यांनी सोपी केलेली कोडी घालून स्टोरी मोड दिला आणि मूळची कोडी ॲडव्हान्स्ड मोड म्हणून तशीच ठेवली. म्हणजे ज्यांना आधीचा अवघडपणा आवडला होता त्यांचंही काही गेलं नाही. मी असतो तर मीही असंच केलं असतं.

शेवटचं काम बरेच लोक विसरतात. अपडेट आला की बदलांची यादी वाचा, तुम्ही ज्या खोलीबद्दल लिहिलं होतं ती बदलली असेल तर परत खेळा, आणि स्टीमवरचं जुनं मत एडिट करून आता कसं वाटतं ते लिहा. अंगठा खाली दिला असेल आणि अडचण दूर झाली असेल तर तो वर करा. दोन वर्षांपूर्वीची तक्रार तशीच लटकत राहिली तर नवीन येणारा ती वाचून परत जातो, आणि खोली तर केव्हाच दुरुस्त झालेली असते.