‘टिकाऊ’ कुठे लिहावं, कुठे नको

मी छापखान्यात पत्रकांचा मजकूर जुळवते. माल फर्निचरचा असो, चपलांचा असो की बचत गटाच्या लोणच्याचा, हाती येणारा कागद ठरलेला: ‘आकर्षक, टिकाऊ, माफक दरात’. तुम्हालाही असलं काही लिहायचं असेल, तर या टिकाऊचं काय करायचं ते सांगते.

लेखनाचं पटकन उरकते. शेवटचा ऊ दीर्घ, ‘टिकाउ’ नाही. लिंग-वचनाने शब्द हलत नाही: टिकाऊ पाट, टिकाऊ चप्पल, टिकाऊ कपडे. नाम टिकाऊपणा. घडण लढाऊ, विकाऊ, शिकाऊसारखी. आणि टाकाऊसारखीही, पण ती जोडी शाळेतल्या कार्यानुभवाने इतकी घासलीय की पत्रकात नकोच.

खरी गल्लत अर्थात होते. वापरून, धुऊन, वर्षं लोटूनही कामाला येतं ते टिकाऊ. नुसती ताकद सांगायची असेल तर दुसरे शब्द आहेत. स्टुलावर धिप्पाड माणूस बिनधास्त उभा राहतो, ते स्टूल दणकट. भिंत, पाया, पुरावा भक्कम. साडीच्या दुकानात बायका ‘रंग पक्का आहे ना?’ असंच विचारतात. माणसाला तर टिकाऊ म्हणूच नये. सत्तरीत गड चढणारी आजी काटक आणि औषधाला दाद न देणारा खोकला चिवट. उलट बाजूला, हात लावताच डुगडुगणारं टेबल तकलादू. पण दूध, भाजीपाला नाशवंत.

खाण्याच्या पदार्थाला शक्यतो क्रियापदच वापरा. ‘लोणचं वर्षभर टिकतं’ हे घरचं वाटतं. ‘टिकाऊ लोणचं’ म्हटलं की मला तरी कारखाना दिसतो. क्रियापदाचा पल्लाही लांब आहे. सरकार टिकतं, लग्न टिकतं, पण टिकाऊ सरकार सहसा कोणी म्हणत नाही, स्थिर म्हणतात. बातम्यांत बहुधा ‘कोर्टात टिकणारं आरक्षण’ असतं, टिकाऊ आरक्षण क्वचितच.

आणि पत्रकात हा शब्द एकटा सोडू नका, कारण सांगा. कोल्हापुरी चपला विकणाऱ्या एकाला मी विचारलं, “दादा, टिकाऊ म्हणजे नेमकं काय केलंय?”

“ताई, तळ दुहेरी, शिलाई चामड्याच्या वादीची. खिळा एक नाही.”

तेवढंच छापलं. खाली त्याच्याच आग्रहाने बारीक अक्षरात एक ओळ घातली: पावसात वापरू नये.