बसलं म्हणजे जुळलं नव्हे: जुन्या रोड सायकलची फिक्सी करताना होणाऱ्या चुका

जुन्या सायकलीच्या कामात खरा घात करतो तो जवळजवळ बसणारा पार्ट. अजिबात न बसणारा पार्ट माणूस मुकाट्याने बाजूला ठेवतो. पण दोन-तीन फेरे सहज गेलेला आणि मग जड लागू लागलेला बेअरिंगचा कप "गंज असेल" म्हणून लांब पान्याने रेटला जातो आणि इतकी वर्षं टिकलेले आटे मिनिटभरात जातात. फिक्स्ड गिअरमध्ये (फिक्सी, म्हणजे चाक फिरेल तोवर पेडलही फिरत राहणारी सायकल) याची किंमत जास्त मोजावी लागते, कारण तिथे पायाचा जोर दोन्ही दिशांना येतो: पेडल मारताना पुढे आणि वेग आवरताना मागे. फ्रीव्हीलवर (जिथे पेडल थांबवलं तरी चाक फिरतं) वर्षानुवर्षं खपून गेलेली ढिलाई फिक्स्डवर पहिल्याच उतारावर बाहेर येते. म्हणून पाना उचलण्याआधी व्हर्नियर कॅलिपर उचला.

आटे न मोजता कप फिरवणं

बॉटम ब्रॅकेट (बीबी) म्हणजे क्रँकच्या एक्सलचं बेअरिंग. ते फ्रेमच्या ज्या नळीत बसतं त्या शेलची रुंदी आधी बघा. ७० मिमी भरली तर बहुतेक इटालियन: ३६ मिमी व्यास, इंचाला २४ आटे, दोन्ही बाजूंना सुलटे (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळले जाणारे). ६८ मिमी भरली तर तीन शक्यता उरतात. इंग्लिश म्हणजे १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे आणि चेनकडच्या बाजूला उलटे आटे. फ्रेंच म्हणजे ३५ मिमी व्यास, १ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर), दोन्हीकडे सुलटे. स्विस म्हणजे फ्रेंचचंच माप, पण चेनकडे उलटे आटे. जुन्या रॅलेच्या कित्येक फ्रेममध्ये तर इंचाला २६ आटे सापडतात आणि त्यात २४ आट्यांचा नवा कप घालणं म्हणजे शेल वाया घालवणं.

१.३७ इंच म्हणजे ३४.८ मिमी. फ्रेंच मापापेक्षा फक्त ०.२ मिमी कमी. त्यामुळे डाव्या बाजूला इंग्लिश कप फ्रेंच शेलमध्ये सुरुवातीला छान फिरतो आणि मग पिच जुळत नसल्याने अडकतो. कप हाताने निदान चार-पाच फेरे गेला पाहिजे. गेला नाही तर थांबा, आटे साफ करा, पिच गेजने मोजा. जुन्या कपावर माप बऱ्याचदा कोरलेलं असतं. तो काढून, पुसून वाचायला दोन मिनिटं लागतात. काढतानाही दिशा लक्षात ठेवा: इंग्लिश शेलमधला चेनकडचा कप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. "निघतच नाही" म्हणून तासभर उलट्या दिशेने आवळत बसलेले लोक कमी नाहीत.

हाच घोळ मागच्या हबवर होतो. फ्रीव्हीलचे इंग्लिश आटे १.३७ × २४, जुने फ्रेंच ३४.७ मिमी × १. इंग्लिश कॉग (मागचं दातेरी चाक) फ्रेंच हबवर चढतो, पण सैल राहतो आणि जोर आला की आटे सोलून काढतो. पेडलचंही तसंच: नेहमीचं माप ९/१६ इंच × २०, जुन्या फ्रेंच क्रँकमध्ये १४ मिमी × १.२५. तिथे पेडल रेटण्यापेक्षा क्रँकला ९/१६ चा टॅप मारून घ्या, हा सर्वमान्य उपाय आहे.

सीटपोस्टची मापं ०.२ मिमीच्या टप्प्याने बदलतात. रेनॉल्ड्स ५३१ डबल-बटेड नळीच्या फ्रेममध्ये २७.२ नेहमी आढळतं, पण फ्रेंच फ्रेममध्ये २६.२ किंवा २६.४ असू शकतं. ०.४ मिमी बारीक पोस्ट क्लँप आवळून "बसवली" की क्लँपचे दोन्ही कान एकमेकांना टेकतात, सीट तरीही खाली सरकते. कान समांतर नसतील तर समजा, आधीच्या मालकाने चुकीची पोस्ट वापरली आहे. हँडलचंही माप बघा. २५.४ चं हँडल २६.० च्या स्टेममध्ये बोल्ट आवळून घट्ट करू नका. शिम (मध्ये घालायचा पातळ पत्रा) घाला, नाहीतर स्टेमला चीर जाते.

साध्या हबवर कॉग आणि बीबीची लॉकरिंग

ही चूक सर्वांत धोकादायक, म्हणून इथे जरा थांबू. फिक्स्ड हबला दोन पायऱ्यांचे आटे असतात. आतल्या मोठ्या पायरीवर सुलटे (१.३७ × २४), तिथे कॉग बसतो. बाहेरच्या लहान पायरीवर उलटे (१.२९ × २४), तिथे कॉगला अडवून धरणारी लॉकरिंग. मागे दाब दिला की कॉग सुटू पाहतो, पण सुटताना लॉकरिंगला ढकलतो आणि ती उलट्या आट्यांमुळे आणखी आवळली जाते. सगळी सुरक्षा या एका युक्तीवर उभी आहे.

फ्रीव्हीलच्या हबला ही दुसरी पायरी नसते. त्यावर कॉग चढवून बाहेरून बॉटम ब्रॅकेटची लॉकरिंग लावण्याची हौस जुनी आहे. आटे जुळतात हे खरं, पण दोन्ही सुलटेच, म्हणजे कॉग सुटला की लॉकरिंगही त्याच्याबरोबर सुटते. आटे चिकटवण्याचा द्रव लावून काम भागतं असं सांगितलं जातं. सपाट रस्त्यावर, पुढचा ब्रेक धडधाकट असताना कदाचित भागेलही. उतारावर पायाने वेग आवरायचा असेल तर त्यावर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही. खरा फिक्स्ड हब घ्या.

खऱ्या हबवरही क्रम चुकतो. आट्यांना ग्रीस लावा, कॉग हाताने पूर्ण चढवा, मग चेन-व्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) जोर लावून आवळा. लॉकरिंग आत्ताच लावा, हुकाच्या पान्याने घट्ट करा. आता थोडा चढ गाठून उभं राहून पेडल मारा. कॉग अजून काही अंश आत जातो आणि तितकी लॉकरिंग सैल पडते. खाली उतरून ती पुन्हा आवळा. उतरताना ब्रेक वापरा, पाय नाही. नेमका हाच टप्पा लोक गाळतात आणि मग पहिल्याच जोराच्या बॅकप्रेशरला कॉग पुढे-मागे हलून हबचे आटे झिजवतो. कॉग एकदा हलू लागला की हब बहुधा गेलाच समजा.

जुनं फ्रीव्हील काढायचं असेल तर चाकाचे आरे कापायच्या आधी काढा. आरे कापले की हब धरायला रिम उरत नाही आणि जोर लावायला जागाच राहत नाही. रिमूव्हर त्याच बनावटीचा हवा. दोन खाचांचा रिमूव्हर एक्सलच्या नटने दाबून धरल्याशिवाय वापरला तर खाचा तुटतात.

१२० चा हब, १२६ ची फ्रेम

ट्रॅक हबची, म्हणजे फिक्स्ड हबची, रुंदी १२० मिमी. पाच गिअरच्या जुन्या फ्रेममध्ये तो सरळ बसतो. सहा-सात गिअरची फ्रेम १२६ ची असते, त्यानंतरची रोड फ्रेम १३० ची. ६ मिमीची फट नट आवळून मिटवता येते, स्टील वाकतं. पण ड्रॉपआउट (एक्सल बसतो ती फ्रेमची टोकं) तिरके होतात, एक्सलवर सतत ताण राहतो आणि काही महिन्यांनी तो मोडतो. एक्सल पुरेसा लांब असेल तर दोन्ही बाजूंना ३-३ मिमीचे स्पेसर घाला. दोन्हीकडे सारखे घातल्याने चेनलाइन (सायकलच्या मध्यापासून चेनचं अंतर) बदलत नाही. फ्रेम रुंद किंवा अरुंद करायचीच असेल तर फक्त स्टीलची, दोन्ही बाजू समान वाकवून आणि नंतर ड्रॉपआउट समांतर करून. ॲल्युमिनियम आणि कार्बनला हात लावू नका.

ड्रॉपआउटची खाच आडवी किंवा तिरकी हवी, कारण चेनचा ताण चाक मागे ओढूनच साधायचा असतो. उभी खाच असेल तर फिक्सीसाठी दुसरी फ्रेम शोधणं शहाणपणाचं. आणि कृपा करून जुन्या ड्रॉपआउटचा डीरेलर हँगर (गिअर बदलणारा भाग टांगायची जागा) कापू नका. वजन वाचतं ते नगण्य, फ्रेमची किंमत मात्र उतरते आणि परतीचा रस्ता बंद होतो.

चेनलाइन डोळ्यांनी ठरवणं

ट्रॅक हबची चेनलाइन ४२ मिमी असते. पुढे सीट ट्यूबच्या मध्यापासून चेनरिंगच्या (क्रँकवरच्या दातेरी चाकाच्या) दातांच्या मध्यापर्यंत मोजा. मागे हबच्या निम्म्या रुंदीतून लॉकनटच्या बाहेरच्या कडेपासून कॉगपर्यंतचं अंतर वजा करा: ६० वजा १८ बरोबर ४२. दोन्हींत १ मिमीपेक्षा जास्त फरक नको. जुन्या रोडच्या दुहेरी क्रँकवर बाहेरची चेनरिंग साधारण ४६ वर आणि आतली ४१ च्या आसपास येते. त्यामुळे दिसायला बाहेरची बरी वाटली तरी चेनरिंग आतल्या जागी बसवा आणि एकेरी चेनरिंगचे आखूड बोल्ट घ्या. तरीही जुळत नसेल तर बीबीचा स्पिंडल (दोन्ही क्रँक जोडणारा एक्सल) बदला: सममित स्पिंडल ५ मिमी आखूड केला की चेनरिंग अडीच मिमी आत येते.

स्पिंडल बदलताना जेआयएस आणि आयएसओ या चौकोनी टोकाच्या दोन मापांत गल्लत होते. दोन्हींचा उतार सारखा, पण आयएसओचं टोक बारीक. जेआयएसचा क्रँक आयएसओवर घातला तर ४-५ मिमी जास्त आत जातो आणि फ्रेमला घासू शकतो. क्रँकचा बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटरला आवळा. ढिल्या क्रँकवर एक फेरी मारली तरी ॲल्युमिनियमचं चौकोनी भोक गोलसर होतं आणि मग तो क्रँक पुन्हा कधी घट्ट बसत नाही.

१/८ इंची चेन ३/३२ इंची कॉगवर चालते, उलट चालत नाही. ताण तपासताना मधोमध चेन वर-खाली मिळून साधारण १ सेंमी हलली पाहिजे, तीही सर्वांत घट्ट जागी. क्रँकच्या दर फेरीला एकदा चेन ताठ होत असेल तर चेनरिंग मध्यावर नाही: बोल्ट किंचित सैल करा, ताठ जागी चेनला लाकडी दांड्याने हलकेच ठोका, आवळा, पुन्हा फिरवून बघा.

४८ × १६

चेनरिंगचे ४८ दात, कॉगचे १६: दिसायला नीटस गुणोत्तर, पण ३ ला १ असल्याने पायाने अडवून स्किड मारली की मागचं चाक प्रत्येक वेळी टायरच्या एकाच जागी लॉक होतं. स्किड मारणाऱ्याचा टायर तिथेच भोकापर्यंत झिजतो. अपूर्णांक सोपा करा, छेद जितका तितक्या जागा: ४६ × १६ म्हणजे २३/८, आठ जागा. ४८ × १७ म्हणजे सतरा.

अडकलेली पोस्ट, मोठी रिम

स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची पोस्ट किंवा स्टेम कोरडी बसवली की ती गंजून चिकटते. अशी पोस्ट काढायला लोक टॉर्चने फ्रेम तापवतात. नळीबरोबर पोस्टही तापते आणि ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे पकड वाढते. पोस्ट थंड करा, पेनिट्रेटिंग ऑइल मुरू द्या, मग फ्रेम धरून पोस्ट फिरवा. नवी बसवताना ग्रीस विसरू नका.

२७ इंची चाकांऐवजी ७०० सी बसवणं उत्तम, पण रिमचा व्यास ६३० वरून ६२२ होतो आणि ब्रेकचं पॅड ४ मिमी खाली न्यावं लागतं. कॅलिपरची पोहोच आधी मोजा. पुढचा ब्रेक काढून टाकू नका: चेन निसटली किंवा तुटली की पाय निरुपयोगी.

रोड फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट ट्रॅक फ्रेमपेक्षा खाली असतो आणि वळणावर पाय थांबवता येत नाही. १७० ऐवजी १६५ मिमीचे क्रँक घेतले तर पेडल रस्त्याला टेकण्याचा धोका कमी होतो.

आवाज ऐका

दाब पुढून मागे बदलताना एकच "खट" येत असेल तर पुढचा ब्रेक धरा आणि पेडल हळूच पुढे-मागे करा. आधी चेनची ढील बघा. ती ठीक असेल तर क्रँकचे बोल्ट. तेही घट्ट असतील तर कॉग आणि हबवर मिळून खडूची एक रेघ ओढा आणि थोडी चालवून या. रेघ तुटली असेल तर कॉग सरकतोय. त्या दिवशी सायकल ढकलत घरी न्या.

चाक स्टँडवर फिरत असताना फिक्सीची चेन कापडाने पुसू नका. कापड कॉगखाली ओढलं जातं, त्यामागून बोट जातं आणि चाक स्वतःच्या वेगाने क्रँक फिरवत राहतं. क्रँक हाताने मागे फिरवा, कापड चेनच्या खालच्या भागावर मधोमध धरा, दातांपासून लांब.