घरच्या स्टेशनचा पहिला अँटेना : या चुका टाळा

परवाना हातात पडला की नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, दुसऱ्या दिवशी फोन करतो आणि प्रश्न ठरलेला असतो. "सर, सगळ्यात जास्त गेनचा अँटेना कुठला?" गेन म्हणजे अँटेना हव्या त्या बाजूला सिग्नल किती जोरात फेकतो त्याचा आकडा. राहता कुठं, गच्ची किती उंच, बोलायचं कुणाशी, सेटपासून वरपर्यंत केबल किती लागेल, यातलं एक अक्षर सांगितलेलं नसतं. मी विचारलं तर उत्तर येतं, "ते नंतर बघू, आधी अँटेना सांगा." पायाचं माप न देता चप्पल मागण्यातला प्रकार.

मी सातारा जिल्ह्यात राहतो आणि वीसेक वर्षं दोन मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर आहे. म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे बहुतेकांचा पहिला पट्टा. खालचं सगळं त्या पट्ट्यावरच्या, घराच्या गच्चीवर उभ्या केलेल्या अँटेनाबद्दल आहे. यातल्या निम्म्या चुका मी स्वतः केल्यात, त्यामुळं रागवायचा हक्क आहे असं समजतो.

एसडब्ल्यूआरची पूजा

एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे धाडलेली पॉवर किती परत फिरते ते सांगणारा आकडा, १ असला की काहीच परत नाही. त्याचा मीटर विकत आणला की लोक त्याची पूजा मांडतात. काटा दीडवर दिसला की झोप उडते. अहो, १.५ ला परत फिरणारी पॉवर सुमारे ४ टक्के, २ ला ११ टक्के. समोरच्याच्या कानाला एवढा फरक कळत नाही. ३ च्या वर गेला तर मात्र पीटीटी, म्हणजे माइकवरचं बोलायचं बटण, सोडा, काहीतरी तुटलंय किंवा माप चुकलंय.

पण माझा खरा राग याच्या उलट बाजूवर आहे. मीटर सुंदर दिसतो म्हणून अँटेना सुंदर आहे असं मानायचं.

काही वर्षांपूर्वी श्रावणात वाईकडच्या एका मित्राचा फोन आला. सेट २५ वॅटचा, मीटरवर १.२, आणि डोंगरावरचा रिपीटर, म्हणजे आपला आवाज पकडून पुढं लांबवर फेकणारं स्टेशन, काही केल्या उघडेना. मे महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं. पठ्ठ्यानं आधी सेट दुरुस्तीला पाठवला, दोन आठवड्यांनी "सेटमध्ये काही नाही" म्हणून तो परत आला. मग माइक बदलला. मग रिपीटरवाल्यांना नावं ठेवून झाली. गच्चीवर मात्र तो एकदाही गेला नव्हता, कारण "मीटर तर ओके आहे ना!"

रविवारी गेलो. तीन मजली घर, सेट तळमजल्यावर, आणि वरपर्यंत तीसेक मीटर आरजी-५८. मी गच्चीवर जाऊन अँटेना काढून बाजूला ठेवला, केबलचं टोक मोकळं सोडलं आणि खाली ओरडलो, "लो पॉवरवर एक सेकंद दाब!" खालून आवाज आला, "१.३!" अँटेना माझ्या पायाशी पडलेला आणि मीटर खूश.

जादू काही नाही. आरजी-५८ ही केबल १४५ मेगाहर्ट्झवर शंभर मीटरला २० डीबीच्या (डेसिबल, पॉवर किती पटीनं घटली-वाढली त्याचं माप) आसपास खाते. तीस मीटरला झाले ६, पॉवर उरली चौथाई. म्हणजे २५ वॅट निघाले तर वर पोचतात सहा. मोकळ्या टोकावरून जे परत फिरतं तेही येताना पुन्हा ६ डीबी गमावतं, म्हणून धडधाकट आरजी-५८ वरसुद्धा अँटेना नसताना मीटर १.७ च्या आसपासच थांबतो. याच्या केबलनं तर पाणी प्यायलेलं. कनेक्टर उघडला तसं आतून हिरवट काळं पाणी टपकलं. मीटरभर कापली, तांब्याची जाळी काळी. आणखी मीटरभर कापली, तरी काळी. शेवटी पूर्ण केबल उतरवली. आता ती त्याच गच्चीवर कपडे वाळत घालायला बांधली आहे आणि हे काम ती उत्तम करते.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. नवी केबल टाकली की अँटेना जोडण्याआधी वरचं टोक मोकळं ठेवून, लो पॉवरवर क्षणभर दाबून, आकडा वहीत लिहायचा. नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना-केबल तपासायचं छोटं यंत्र, असेल तर त्यानं घ्या, सेटला तेवढाही त्रास नको. दर वैशाखात पुन्हा तेच करायचं. तो आकडा जितका एककडे सरकेल तितकी केबल मेली.

पाणी आत जातं कुठून? पीएल-२५९ कनेक्टरमधून. तो पाण्यासाठी बनलेलाच नाही. लोक त्यावर वायरमनची काळी टेप दोन वेढे मारतात. मेच्या उन्हात तिचा गोंद वितळतो आणि मृगाला तिथं पन्हाळ तयार असते. मी आधी ती रबराची टेप लावतो, ताणून गुंडाळली की स्वतःशीच एकजीव होणारी. तिच्यावर पीव्हीसी टेप, आणि गुंडाळायची खालून वर, कौलं शाकारतात तशी, म्हणजे पाणी सांध्यावरून पुढं घसरतं. कनेक्टरच्या खाली केबलला झोळ द्या. आणि दोन गोळे मळून थापायची ती एम-सीलसारखी लांबी लावू नका, पुढच्या वर्षी कनेक्टर उघडताना छिन्नी-हातोडी घ्यावी लागते.

केबल निवडताना एवढं लक्षात असू द्या. तीच तीस मीटर आरजी-२१३ घेतली तर २५ पैकी तेराचौदा वॅट वर जातात, एलएमआर-४०० घेतली तर सतराअठरा. पैसे कमी असतील तर त्याहून स्वस्त उपाय म्हणजे सेट वरच्या मजल्यावर न्या. दहा मीटर आरजी-५८ मी चालवून घेतो. पण चार हजारांचा अँटेना आणि चारशेची केबल घेऊन कुणी आलं की मी चहा पाजतो आणि परत पाठवतो.

गेनच्या आकड्याला भुलणं

इथं बळी मी स्वतः. पाच मीटर लांबीचा फायबरग्लासचा कोलिनिअर, म्हणजे एकावर एक अँटेने रचलेला उभा दांडा, घेतला, दोन माणसं लावून गच्चीवर चढवला. आधी तिथं पत्र्याच्या डब्यावर बनवलेला पाव तरंगलांबीचा ग्राउंड प्लेन होता, एक उभी सळई आणि खाली चार तिरक्या. नवा जोडला तर रिपीटरचा सिग्नल आधीपेक्षा पडला. दोन दिवस कनेक्टरच तपासत बसलो.

गेन म्हणजे फुकटची पॉवर नाही. तीच पॉवर दाबून चपटी करतात, भाकरी थापावी तशी. परीघ वाढतो, जाडी जाते. माझं घर डोंगराच्या कुशीत. रिपीटर दोनेक किलोमीटरवर पण डोक्यावर पाचेकशे मीटर, म्हणजे क्षितिजापासून १४ अंश वर. लांब कोलिनिअरची भाकरी इतकी पातळ की ती डोंगराच्या पोटात शिरत होती. साध्या ग्राउंड प्लेनची भाकरी जाड, तिच्यात रिपीटर सहज बसत होता. शेवटी कोलिनिअर सोलापूरकडच्या एका मित्राला दिला. तिथं सपाट मुलूख, तो त्यावर खूश आहे. अँटेना तोच, जागा बदलली.

म्हणून घाटाखाली, डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी ग्राउंड प्लेन किंवा स्लिम जिम (खालच्या सळयांची गरज नसलेला साधा उभा अँटेना) यापासून सुरुवात करावी. ग्राउंड प्लेनची सळई अंदाजे ४९ सेंटिमीटर. मराठवाड्यात, सांगलीच्या पूर्वेला, जिथं क्षितिज मोकळं आहे तिथं कोलिनिअरला पैसे घाला. आणि डब्यावर नुसतं "डीबी" छापलं असेल तर विचारा, डीबीआय (सगळीकडे सारखं फेकणाऱ्या कल्पित अँटेनाशी तुलना) की डीबीडी (साध्या डायपोल अँटेनाशी तुलना)? दोन्हींत २.१५ चा फरक असतो आणि विकणारा नेहमी मोठा आकडाच छापतो.

उंचीचंही तसंच. गच्चीपेक्षा आणखी उंच पाइप हवा म्हणून वेल्डरकडे धावण्याआधी हिशोब करा. १० मीटरवरून रेडिओचं क्षितिज सुमारे १३ किलोमीटर, २० मीटरवरून सुमारे १८. उंची दुप्पट झाली, अंतर नाही. शेजारच्या बिल्डिंगच्या टाकीपेक्षा पाइप उंच जात असेल तर तेवढं पुरे. वर दोन मीटर चढवून पाइप सावरायला तीन ताणतारा मारायला लागतात ते वेगळंच.

बाकीच्या, थोडक्यात

ऑनलाइन "बेस अँटेना" म्हणून सीबीचा मागवू नका. सीबी म्हणजे सिटिझन बँड, २७ मेगाहर्ट्झ, त्या पट्ट्यात पाव तरंगलांबीच पावणेतीन मीटर होते. आपल्याला अर्धा मीटर पुरतो. "लांब आहे म्हणजे लांब जाईल" असं एकानं मला खरंच सांगितलं.

जुना दूरदर्शनचा पाहून यागी, म्हणजे तसाच फासळ्यांचा अँटेना, आडवा लावू नका. दोन मीटरवर एफएमनं बोलणाऱ्यांचे अँटेने सगळे उभे असतात. तुम्ही आडवे राहिलात तर २० डीबीपर्यंत फटका बसतो.

स्लिम जिम पीव्हीसी पाइपात घालणार असाल तर पाइपात घालूनच ट्यून करा. बाहेर जुळवून मग आत सरकवला की फ्रिक्वेन्सी खाली उतरते, आणि मग मला फोन येतो.

कोकणात ॲल्युमिनियमवर तांब्याची तार थेट कसू नका, खारी हवा वर्षभरात तो सांधा खाऊन टाकते.

वानरं. ग्राउंड प्लेनच्या खालच्या सळया त्यांना झोक्यासाठीच लावल्यात असं वाटतं. यावर मला उपाय सापडलेला नाही, मी जाड सळई वापरतो आणि दर दोन महिन्यांनी सरळ करतो.

विजेच्या तारा मात्र थट्टेचा विषय नाही. पाइप उभा करताना तो कोलमडला तर कुठवर पोचेल ते आधी मोजा, आणि तारा त्याच्या दीडपट अंतराच्या आत असतील तर तिथं पाइप उभाच करायचा नाही. "आम्ही धरून ठेवू" म्हणणारे चार मित्र ११ हजार व्होल्टपुढं चारच मित्र असतात.

वळवाचं आभाळ भरलं की मी सेटमागचा कनेक्टर काढून केबलचं टोक खिडकीबाहेर टाकतो. पाइपाला जाड पट्टीनं वेगळी अर्थिंग आहे, वीज जमिनीत वळवणारा अरेस्टरही आहे, पण गडगडाट ऐकल्यावर माझा भरवसा काढलेल्या कनेक्टरवर. अर्थिंगची तार नळाला बांधणाऱ्यांनी नळाकडे एकदा नीट पाहावं, हल्ली तो प्लॅस्टिकचा असतो.

काही अडलं तर विचारा, पण मृगाच्या आत. एकदा पाऊस लागला की मी कुणाच्या गच्चीवर चढत नाही.