शेजाऱ्याला उपकार वाटणार नाही अशी मदत कशी करावी

जुन्या नाशकातल्या वाड्यांत चौक एक, नळ एक आणि जिना एक असल्यामुळे कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे विचारावे लागत नसे. गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, म्हसरूळ किंवा आडगावकडच्या नव्या इमारतींमध्ये मात्र समोरासमोरची दारे वर्षानुवर्षे बंद राहतात, आणि शेजाऱ्याची ओळख पार्किंगमधल्या गाडीच्या नंबरापुरती उरते. शेजारधर्म पाळायला पैसा फारसा लागत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. अडचण येते ती संकोचाची. देणाऱ्याला वाटते, आपण उगाच लुडबुड करतो आहोत, आणि घेणाऱ्याला वाटते, याची परतफेड कशी करायची. म्हणून पुढे जे उपाय सांगितले आहेत, त्यांत खर्च किती याच्या इतकाच विचार समोरच्याला ओझे किती वाटेल याचाही केला आहे.

सुरुवात नावापासून करावी. आपल्या मजल्यावरच्या आणि वरच्या-खालच्या घरांतल्या माणसांची नावे, मुले कोणत्या इयत्तेत आहेत, घरात कोणी एकटे राहते का, कोणाची रात्रपाळी असते, एवढे माहीत असले तरी निम्मे काम होते. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे सिडको, सातपूर, इंदिरानगर या भागांत पाळीने काम करणारी कितीतरी कुटुंबे आहेत. रात्रभर यंत्रावर उभा राहून सकाळी आठला झोपलेल्या माणसाच्या भिंतीला दुपारी बाराच्या आत ड्रिल मशीन न लावणे ही एक रुपयाही न लागणारी मदत आहे, पण त्यासाठी त्या भिंतीपलीकडे कोण झोपले आहे हे आधी माहीत असावे लागते. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांतही हाच विचार ठेवावा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर कायद्यानेच बंदी आहे, पण मुलगी अभ्यासाला बसली आहे हे कळल्यावर साडेआठलाच टीव्हीचा आवाज कमी करणारा शेजारी तिला वर्षानुवर्षे आठवतो.

“काही लागलं तर सांगा” हे वाक्य सोडून द्यावे

हे वाक्य आपण सगळेच अगदी मनापासून बोलतो, आणि तरीही त्यातून फारसे काही घडत नाही, कारण काय लागते ते ठरवण्याचे आणि तोंड उघडून मागण्याचे, अशी दोन्ही कामे ते अडचणीतल्या माणसावरच टाकते. मराठी घरांत मागणे सहसा जमत नाही. ताप आलेल्या बाईला औषध हवे असते, पण वरच्या मजल्यावरच्या काकांना त्यासाठी दुकानात पाठवायचे कसे, हे तिला कळत नाही, आणि ती “नाही हो, सगळं आहे” असे सांगून दार लावून घेते.

त्याऐवजी आपण कुठे निघालो आहोत ते सांगून विचारावे. “मी पंचवटीला भाजी घ्यायला चाललोय, तुम्हाला कोथिंबीर-मेथी आणू का?” किंवा “मी गोळे कॉलनीत औषधं आणायला जाणारच आहे, तुमची चिठ्ठी देऊन ठेवा.” येथे आपले जाणे आधीच ठरलेले असते, त्यामुळे समोरच्याला आपण कोणाला तरी धावपळ करायला लावले असे वाटत नाही. भाजीचे पैसे त्यांनी दिले तर ते निमूट घ्यावेत. “राहू द्या हो, वीस रुपयांचं काय ते” असे म्हणून आपण मोठेपणा मिळवतो, आणि पुढच्या वेळी ते काही सांगणार नाहीत याची सोयही करून ठेवतो. नेमके पैसे घेणे हीच येथे खरी माया आहे, असे माझे ठाम मत आहे.

याच कारणासाठी अधूनमधून आपणही मागावे. विरजण संपले म्हणून वाटी घेऊन शेजारी जाणे, स्क्रू ड्रायव्हर किंवा शिडी मागणे, पोळपाट मोठा आहे का असे विचारणे, या जुन्या सवयी आपण ऑनलाइन मागवण्याच्या सोयीपायी सोडल्या. ज्याने आपल्याकडून काही घेतले आहे, त्याला आपल्याला काही मागताना जड जात नाही. नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूशी ओळख करायची असेल, तर त्यांना मिठाई नेऊन देण्यापेक्षा त्यांच्याकडे एखादी लहानशी वस्तू मागणे अनेकदा अधिक उपयोगी पडते.

पाणी, कचरा आणि जिना

गंगापूर धरणातून येणारे पाणी शहरात ठरलेल्या वेळी सुटते, आणि दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहणार असल्याची सूचना वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर येते. ती सूचना न वाचणारी माणसे नेमकी तीच असतात, ज्यांना पाणी साठवायला वेळ लागतो: एकटी आजी, बाळंतीण, नुकतेच परगावहून आलेले विद्यार्थी. आदल्या संध्याकाळी दार वाजवून “उद्या पाणी येणार नाही, भरून ठेवा” एवढे सांगावे. रो-हाऊसमध्ये राहणाऱ्यांनी गावाला गेलेल्या शेजाऱ्याची टाकी वाहते आहे का, याकडे नजर ठेवावी आणि मोटारीचे बटण कुठे आहे ते आधीच विचारून घ्यावे.

घंटागाडीचेही तसेच आहे. ओला आणि सुका कचरा वेगळा करून गाडीपर्यंत नेणे धडधाकट माणसाला दोन मिनिटांचे काम आहे, पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या गृहस्थाला ते दिवसातले सर्वांत कठीण काम असू शकते. आपली बादली घेऊन उतरताना त्यांचीही उचलावी. येथे एक नाजूक गोष्ट पाळावी लागते. रोज बेल वाजवून “कचरा द्या” म्हटले की त्यांना अवघडल्यासारखे होते, म्हणून “तुम्ही बादली रात्रीच दाराबाहेर ठेवत जा, मी जाताना नेतो” असे एकदाच ठरवून टाकावे, आणि त्यानंतर त्याचा उल्लेखही करू नये.

संक्रांतीनंतरच्या दोन दिवसांत गल्लीतल्या तारांवर, झाडांवर आणि गच्चीच्या कठड्यांवर अडकलेला मांजा हाताला येईल तेवढा गोळा करून टाकावा, मात्र विजेच्या तारेला हात लावू नये. येवल्यापासून नाशिकपर्यंत हा जिल्हा पतंगांचा आहे, आणि बंदी असूनही नायलॉनचा मांजा दुचाकीस्वारांच्या गळ्यापर्यंत आणि पक्ष्यांच्या पंखांपर्यंत पोहोचतोच.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी

नाशिकमध्ये असे घर जवळजवळ प्रत्येक इमारतीत आहे. नोट प्रेस, एचएएलचा विमान कारखाना किंवा एखाद्या बँकेतून निवृत्त झालेले आजोबा, आजी, आणि पुण्याला, बंगळुरूला किंवा अमेरिकेत असलेली मुले. या घरासाठी काय करावे, हे जरा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण येथे सदिच्छा भरपूर असते, पण व्यवस्था नसते.

पहिले काम म्हणजे एक चिठ्ठी. त्यांच्याबरोबर बसून, त्यांच्याच वहीच्या कागदावर, ठसठशीत अक्षरात लिहावी आणि फ्रिजच्या दारावर लावावी. तिच्यात रक्तगट, रोजच्या गोळ्यांची नावे आणि वेळा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, नेहमीच्या डॉक्टरांचा क्रमांक, मुलाचा किंवा मुलीचा क्रमांक, आणि ती परदेशात असेल तर आपल्या रात्री तिथे किती वाजलेले असतात, हे असावे. खाली १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा पोलीस व इतर तातडीच्या मदतीचा क्रमांक लिहावा. वैद्यकीय विम्याची फाइल कोणत्या कपाटात आहे, एवढी एक ओळही घालावी. हा कागद लिहिताना त्यांना आपल्याला काही होणार आहे असे वाटू नये, म्हणून आपल्या घरासाठीही तशीच चिठ्ठी लिहावी आणि एकाच बैठकीत दोन्ही तयार कराव्यात. आपल्यालाही ती लागतेच.

दुसरे, एक खूण ठरवावी. सकाळी नऊपर्यंत दाराला अडकवलेली दुधाची पिशवी आत गेली नसेल तर बेल वाजवायची, एवढे ठरले तरी पुरते. रोज फोन करून “बरे आहात ना?” असे विचारण्याचा दोन्हीकडे कंटाळा येतो आणि महिनाभरात ते बंद पडते. पिशवीकडे पाहायला मात्र जाता-येता क्षणभरही लागत नाही. घराची दुसरी किल्ली आपल्याकडे ठेवायची असेल तर ती त्यांच्या मुलांना सांगून, त्यांच्या संमतीनेच ठेवावी, म्हणजे पुढे गैरसमजाला जागा राहत नाही.

तिसरे काम अलीकडे फार गरजेचे झाले आहे. पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी असल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर “तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे” असे धमकावणारे आणि आयुष्यभराची पुंजी काढून घेणारे ठग बहुतेक वेळा एकट्या ज्येष्ठांनाच गाठतात. अशी अटक कायद्यात अस्तित्वातच नाही, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे. ठग पहिली अट घालतात ती कोणाला न सांगण्याची, त्यामुळे “असा फोन आला तर तो चालू असतानाच माझं दार वाजवा, रात्री दोन वाजताही वाजवा” हे शेजाऱ्याचे वाक्य कोणत्याही सूचनाफलकापेक्षा अधिक रक्षण करते. पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करायला त्यांच्याजवळ बसावे, आणि “एवढं कसं कळलं नाही तुम्हाला” हे शब्द मनातही आणू नयेत.

नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत जाताना त्यांना आपल्या गाडीवर न्यावे किंवा मोबाइलवरून तो भरायला मदत करावी, मात्र त्यांचा पासवर्ड किंवा ओटीपी आपण विचारू नये. तो त्यांनीच टाकावा आणि आपण तेवढा वेळ दुसरीकडे पाहावे.

रुग्णवाहिका बोलवावी लागली, तर घरात दहा माणसांनी गर्दी करण्यापेक्षा कामे वाटून घ्यावीत. एकाने गल्लीच्या तोंडाशी उभे राहून गाडीला हात करावा, कारण नव्या वसाहतींमध्ये एकाच नावाच्या दोन-तीन इमारती असतात आणि चालक तेथे हमखास चुकतो. दुसऱ्याने प्रवेशद्वार उघडे धरून आडव्या लावलेल्या दुचाकी बाजूला कराव्यात, तिसऱ्याने लिफ्ट खालीच थांबवून ठेवावी. फ्रिजवरची चिठ्ठी काढून रुग्णासोबत द्यावी.

गोदावरीला पाणी वाढते तेव्हा

पावसाळ्यात धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर पोहोचले यावरून पुराचा अंदाज घेतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजार, भांडी बाजार आणि नदीकाठच्या घरांमध्ये पाणी शिरलेले सगळ्यांनी पाहिले आहे. उंचावर राहणाऱ्यांनी काठाजवळच्या ओळखीच्या दुकानदाराला किंवा कुटुंबाला सामान ठेवायला एक कोपरा देऊ करावा. त्यातही कागदपत्रे, औषधे आणि मुलांची पुस्तके आधी मागून घ्यावीत, कारण धान्य पुन्हा घेता येते, पण भिजलेली खरेदीखते आणि गुणपत्रिका पुन्हा मिळवायला महिने जातात. पूर ओसरल्यावर गाळ काढायला झाडू आणि फावडे घेऊन तासभर जावे. फोटो काढू नयेत.

ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्याशी

पार्किंगवरून किंवा गळणाऱ्या पाइपवरून झालेल्या भांडणात कोण बरोबर होते, हे उकरून काढण्यात अर्थ नसतो. पहिले पाऊल अगदी लहान असावे: त्यांच्या गाडीचा दिवा चालू राहिला आहे हे सांगणे, त्यांचे चुकून आपल्याकडे आलेले पार्सल दारापर्यंत नेऊन देणे. दिंडोरी-निफाडच्या मळ्यातून द्राक्षांची पेटी आली की घरोघर वाटताना ते दार वगळू नये. त्यांनी ती घेतली आणि एक शब्दही बोलले नाहीत, तरी तेवढे पुरेसे समजावे.

घरात मृत्यू झाला असेल तर

दुःखाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही आणि शेजारच्या घरांतून जेवण जाते, ही आपल्याकडची रीत आजही टिकून आहे. पिठले-भाकरी, मऊ खिचडी, ताक, असे घशाखाली सहज उतरेल ते न्यावे. परत करायला न लागणाऱ्या भांड्यांत किंवा पत्रावळीत नेले तर डबे कोणाचे, हे शोधण्याचा त्रास त्या घराला होत नाही. पाहुण्यांसाठी चहाचे दूध, पाण्याचे जार आणि चार खुर्च्या यांचीही व्यवस्था शेजाऱ्यांनी आपापसांत बोलून परस्पर करावी. लहान मुले असतील तर त्यांना आपल्या घरी आणून जेवू घालावे, झोपवावे. भेटायला गेल्यावर “काय झालं, कसं झालं” हे पुन्हा पुन्हा विचारू नये. गप्प बसले तरी चालते.

तेराव्यानंतर मात्र माणसे येईनाशी होतात, आणि तेव्हाच कागदांचे काम सुरू होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. ती झाली आहे का, हे एकदा विचारावे. नाशिक महापालिकेच्या ज्या विभागीय कार्यालयातून दाखला घ्यायचा, तेथे सोबत जावे आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्यायला सुचवावे, कारण बँक, विमा, निवृत्तिवेतन आणि घराच्या नोंदी अशा प्रत्येक ठिकाणी एकेक प्रत लागते. वीजबिलावरचे आणि गॅसच्या पुस्तकावरचे नाव बदलायला घाई नसते, ते पुढच्या महिन्यावर ढकलायला हरकत नाही. पतीच्या मागे पहिल्यांदाच बँकेत जाणाऱ्या बाईंबरोबर खिडकीपाशी उभे राहावे, पण बोलू त्यांनाच द्यावे, आणि घरी परतताना पुढच्या खेपेचा दिवस तेथेच ठरवून घ्यावा.