डेटाबेस हळू चाललाय? आधी बेरीज पाहा

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर देखरेखीसाठी बाहेरचं महागडं सॉफ्टवेअर शोधण्याआधी पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स चालू करा. कोणती क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) किती वेळा चालली आणि तिला किती वेळ लागला, याची नोंद ते ठेवतं, आणि पोस्टग्रेससोबतच मोफत येतं. कॉन्फिग फाइलमध्ये शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज या सेटिंगपुढे त्याचं नाव लिहा, सर्व्हर रीस्टार्ट करा आणि डेटाबेसमध्ये क्रिएट एक्स्टेन्शन चालवा. नुसतं रीलोड करून भागत नाही, बरेच जण इथेच अडकतात.

एक-दोन दिवस नेहमीचं काम होऊ द्या. मग या नोंदींची यादी टोटल_एक्झेक_टाइम (क्वेरीला लागलेला एकूण वेळ) या रकान्यानुसार उतरत्या क्रमाने लावा. आवृत्ती 13 च्या आधीची असेल तर रकान्याचं नाव टोटल_टाइम. आपली नजर सवयीने सरासरी वेळेकडे जाते आणि तिथेच फसगत होते. रोज एकदाच चालणारा 40 सेकंदांचा रिपोर्ट डोळ्यांत खुपतो, पण 3 मिलिसेकंदांची क्वेरी दिवसात 5 लाख वेळा चालली तर तिची बेरीज होते 25 मिनिटं! अशी क्वेरी बहुतेकदा कोडमधल्या एखाद्या लूपमध्ये (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागात) दडलेली असते. तिथे इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) लावून फारसं काही होत नाही, लूपच मोडावा लागतो.

दुरुस्ती केल्यावर पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स_रीसेट चालवायला विसरू नका, नाहीतर जुने आकडे नव्यात मिसळून फरक कळतच नाही.

मायएसक्यूएल किंवा मोंगोडीबी असेल, किंवा आलेख हवे असतील, तर पर्कोना कंपनीचं पीएमएम हे देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवा. तेही मोफत आणि ओपन सोर्स आहे. फक्त ते वेगळ्या मशीनवर ठेवा, म्हणजे डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला तरी आलेख हाताशी राहतील.