ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये नवे आहात? लगेच तलवारीला दोष देऊ नका

नव्या खेळाडूच्या तक्रारी ठरलेल्या असतात. मारा कमी पडतो, हीलर (जखमी साथीदारांना बरं करणारा खेळाडू) लक्ष देत नाही, गेम अडकतो, पैसे पुरत नाहीत. त्यावर तो शोधतो ते उपायही ठरलेले: तलवार बदल, क्लास (योद्धा, जादूगार असा पात्राचा प्रकार) बदल, नाहीतर गेमच बदल. दुखणं मात्र बहुतेक वेळा भलतीकडेच असतं.

मारा कमी पडतोय

अशा बऱ्याच गेममध्ये एक स्किल, म्हणजे वार किंवा मंत्रासारखी एक कृती, वापरलं की पुढचं वापरण्याआधी क्षणभर थांबावं लागतं. याला ग्लोबल कूलडाऊन म्हणतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तो साधारण १.५ सेकंद असतो, फायनल फँटसी १४ मध्ये २.५. आता हिशेब करा. दर २.५ सेकंदांना एक, म्हणजे मिनिटाला २४ वार. पण प्रत्येक वेळी पुढचं बटण शोधण्यात एक सेकंद गेला, तर वार उरतात १७. जवळजवळ तीस टक्के मारा नुसत्या चाचपडण्यात गेला, आणि आपण बाजारात तलवारींचे भाव बघत बसलोय!

कूलडाऊन संपण्याच्या किंचित आधी पुढचं बटण दाबा. हे दोन्ही गेम ते लक्षात ठेवतात आणि वेळ झाली की वार करतात. स्किलवर माऊसने क्लिक करत बसू नका, नेहमीची पाच-सहा स्किल्स बोटांखालच्या कीजवर आणा. आणि प्रत्येक स्किलचं वर्णन एकदा तरी नीट वाचा. मी सुरुवातीचे कित्येक दिवस तीन वारांच्या साखळीतला फक्त तिसरा वार करत होतो, कारण तो दिसायला भारी होता. पहिल्या दोन वारांनंतर केला तरच तो जोरात बसतो, हे तिथेच लिहिलेलं होतं.

पैसे भरून एकदम वरच्या लेव्हलला नेणारी सोय पहिल्याच दिवशी घेऊ नये ती याचसाठी. जी बटणं हळूहळू हाताशी यायची, ती सगळी एका दमात समोर येऊन पडतात.

हीलर मला वाचवत नाही

आधी पायाखाली बघा. बॉसचा, म्हणजे मोठ्या शत्रूचा, हल्ला येणार असेल तर बहुतेक वेळा जमिनीवर लाल किंवा केशरी खूण उमटते. तिच्यात उभं राहून हीलरकडे बघण्यात अर्थ नाही. फायनल फँटसी १४ मध्ये यात एक खोच आहे. फटका कोणाला बसणार हे खूण नाहीशी होते त्या क्षणी ठरतं, स्फोट मात्र नंतर दिसतो. त्यामुळे आपण बाहेर पडलेले असतो तरी मार बसतो आणि आपण नेटच्या नावाने बोटं मोडतो. खूण दिसताच निघा, स्फोटाची वाट बघू नका.

दुसरं कारण ॲग्रो, म्हणजे शत्रूचा रोख कोणावर आहे ते. कोणी किती मारलं, कोणी किती हील केलं याची नोंद शत्रू ठेवत असतो आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्यावर धावतो. टँकच्या (पुढे राहून शत्रूचा मार अंगावर घेणाऱ्या खेळाडूच्या) आधी तुम्ही तीर सोडला तर शत्रू तुमच्याकडेच येणार. अशा वेळी पळत सुटू नका, टँकच्या जवळ जा, म्हणजे तो शत्रूला आपल्याकडे ओढून घेईल. तुम्हीच टँक असाल आणि सगळे हीलरच्या मागे लागले असतील, तर तुमचा टँकचा स्टान्स (शत्रूचा रोख आपल्याकडे वळवणारं स्किल) चालू आहे का ते बघा. तो चालू करायला विसरण्याइतकी नेहमीची चूक दुसरी नसेल.

गेम अडकतोय

चित्रच तुटक दिसत असेल तर दोष बहुधा तुमच्या मशीनचा. सावल्या कमी करा, गर्दीत दिसणाऱ्या खेळाडूंची संख्या कमी करा. चित्र सफाईदार आहे पण बाकीचे जागच्या जागी चालताहेत, वार उशिरा लागताहेत, तर ते पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ. तिथे नवं ग्राफिक्स कार्ड काही कामाचं नाही. वायफायऐवजी केबल लावा आणि सर्व्हर जवळच्या विभागातला आहे ना ते पाहा. हे खरं तर कॅरेक्टर तयार करतानाच बघायचं, नंतर बदलणं सोपं नसतं.

पैसे आणि चोर

लेव्हल वाढत असताना महागडं चिलखत विकत घेऊ नका, पुढच्या चार क्वेस्टमध्ये (गेमने दिलेल्या कामांमध्ये) त्याहून चांगलं मिळतं. आणि 'दे, दुप्पट करून देतो' म्हणणाऱ्याला काहीही देऊ नका. इव्ह ऑनलाइनमध्ये तर खेळातल्या खेळात फसवणूक करायला नियमांचीच मुभा आहे, गेलेलं परत मिळत नाही. अकाउंटला टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सोय) लावायला दोन मिनिटं लागतात, ती आजच काढा.

गटात जायची भीती वाटते

क्लास चुकला म्हणून पहिल्या डन्जनआधीच (गटाने मिळून लढायच्या मोहिमेआधीच) सगळं पुसून पुन्हा सुरुवात करणारे मी पाहिलेत. फायनल फँटसी १४ मध्ये त्याची गरजच नाही, एकाच कॅरेक्टरवर सगळे जॉब (तिथले क्लास) शिकता येतात. आत गेल्यावर चॅटमध्ये 'इथे पहिल्यांदाच आलोय' एवढं टाका. फायनल फँटसी १४ मध्ये गटात नवखा असेल तर बाकीच्यांना जास्तीचं बक्षीस मिळतं, त्यामुळे सांगायला लाजू नका.