लेकरू आजारी आहे? या चुका टाळा, घरच्यांनीही आणि आम्ही सिस्टरांनीही

"सिस्टर, एकशे दोन आहे." दारातून आत येता येताच आई-बाबा आकडा सांगतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहतात. माझी नजर तोवर कडेवरच्या बाळावर असते. माझ्याकडे बघतंय का? मान धरलीय की खांद्यावर टाकून दिलीय? रडतंय तर आवाजात जोर आहे का? श्वास घेताना नाकपुड्या फुलतायत का? ओठांचा रंग कसा आहे? बाळाला हातही न लावता अर्ध्या मिनिटात एवढं बघून होतं. धावपळ करायची की नाव लिहून बाकावर बसवायचं, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं. थर्मामीटर, वजनकाटा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, हे सगळं त्यानंतर.

मुलांच्या विभागात इतकी वर्षं काढल्यावर चुका पाठ झाल्यात. काही घरून येतात, काही आमच्याच हातून होतात.

तापाचा आकडा धरून बसणं

एक मूल १०२ तापाचं, पण औषधाने जरा उतरला की उठून खेळायला लागणारं. दुसरं ९९ असूनही निपचित, हाक मारली तरी डोळे न उघडणारं. मी हातातलं काम टाकून उठते ती दुसऱ्यासाठी. नुसत्या आकड्यावरून निघायचं, असं वय एकच. बाळ ३ महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी घेऊन निघा. इतक्या लहान बाळाला मोठा संसर्ग झाला तरी कधी कधी बाहेरून तापाखेरीज काहीच दिसत नाही. तान्हं बाळ गार पडलं किंवा दूध ओढेनासं झालं, तरी घाई तेवढीच.

कपाळाला हात लावून अंग गरम आहे एवढं कळतं, ताप किती ते कळत नाही. काखेत मोजलेला ताप शरीराच्या आतल्या तापापेक्षा थोडा कमी भरतो, म्हणून काही जण घरीच एक अंश मिळवून सांगतात. तसं करू नका. जो आकडा दिसला तो आणि कुठे मोजला ते सांगा, बस. आणि 'डॉक्टरांना ताप दिसायला हवा' म्हणून औषध न देता तळमळतं मूल तसंच आणू नका. औषध द्या, किती वाजता दिलं ते सांगा. घरी मोजलेला ताप आम्ही खोटा धरत नाही.

थेंबांची बाटली, सिरपचं झाकण

या चुकीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण ती करणाऱ्याला कळतच नाही. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत बऱ्याचदा १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये तेच ५ मिलीत १२० किंवा २५० मिलिग्रॅम. म्हणजे थेंब म्हणजे 'लहान बाळाचं सौम्य औषध' नव्हे. उलट तेच जास्त दाट असतं.

डोस वजनावर ठरतो, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम आणि दोन डोसांत ४ ते ६ तासांचं अंतर. १० किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या थेंबांतून फक्त दीड मिली. आता ड्रॉपर हरवलाय, सिरपचं ५ मिलीचं झाकण हाताशी आहे, आणि 'आम्ही नेहमी एक झाकणच देतो' म्हणून ते काठोकाठ भरलं, की पोटात गेले ५०० मिलिग्रॅम. तिपटीहून जास्त. वर सर्दीचं जे औषध चालू आहे त्यातही पॅरासिटामॉल असेल, तर तेही यात मिळवा. म्हणून येताना बाटल्याच घेऊन या. "ते गुलाबी औषध" सांगून काही उपयोग नाही, आमच्या कपाटातली निम्मी औषधं गुलाबीच आहेत. अॅस्पिरिन मात्र मुलांना घरच्या घरी कधीच देऊ नका. फ्लू किंवा कांजिण्यांत ते दिल्याने मेंदू आणि यकृतावर बेतणारा आजार होऊ शकतो.

यातली आमची चूक म्हणजे "वजन किती?" असं विचारून मिळेल तो आकडा लिहून घेणं. आईने सांगितलेलं वजन दोन महिन्यांपूर्वीचं असतं. तान्ह्या बाळाचे कपडे, लंगोट काढून, काट्यावर आणि किलोतच वजन व्हायला हवं. पाउंडातला आकडा किलोच्या रकान्यात पडला, तर डोस दुपटीच्याही वर जातो. घाईत कुणी काट्यावर ठेवायचं विसरलं, तर तुम्हीच म्हणा, "सिस्टर, वजन घेतलं नाही अजून."

पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं

ही चूक पूर्णपणे आमची. लहान बाळाचा श्वास घड्याळासारखा चालत नाही. चार-पाच भराभर, मग जरा थांबल्यासारखा, मग पुन्हा. त्यामुळे पूर्ण एक मिनिट मोजायचा, बाळ रडत नसताना, सदरा वर करून. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २ महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांपर्यंत ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त असेल, तर तो जलद श्वास. हे घरीही मोजता येतं, फोनमधलं घड्याळ पुरतं. सोबत बरगड्यांच्या खालची कड बघा. श्वास आत घेताना ती खोल ओढली जात असेल, तर आकडा काहीही असो, निघा.

एका रात्रपाळीचं सांगते. आठ महिन्यांचं बाळ, संध्याकाळी श्वास ६४. दोन-अडीच तासांनी तक्त्यावर ४४ लिहिलेलं आणि शेजारी शेरा, 'शांत झोपले आहे'. आई मात्र खाटेच्या कडेला ताठ बसलेली. म्हणाली, "हा असा झोपत नाही हो. पाठीवर झोपवलं की लगेच कुरकुरतो." मी शाल बाजूला केली, सदरा वर केला. छाती अजूनही तशीच आत ओढली जात होती, फक्त हळू. तळव्याला चिमटा काढला तेव्हा कुठे पाय जरासा हलला. श्वास सुधारला नव्हता, बाळ दमलं होतं. डॉक्टर पळत आले, ऑक्सिजन वाढवला, बाळाला त्याच रात्री अतिदक्षता विभागात हलवलं. ते सावरलं. पण 'शांत' हा शब्द तक्त्यावर दिसला की मी तेव्हापासून बाळाला उठवून बघते.

मुलांचं शरीर बराच वेळ तग धरतं. आधी नाडी आणि श्वास वाढतात, हातपाय गार पडतात, आणि रक्तदाब पडतो तो अगदी शेवटी. त्यामुळे 'बीपी नॉर्मल आहे' यावर विसंबून बसता येत नाही. 'हा असा झोपत नाही' हे तर कुठलंच यंत्र सांगत नाही. बऱ्याच रुग्णालयांच्या तक्त्यात आता पालकांच्या काळजीसाठी वेगळा रकाना असतो. नसला तरी बोला. एकदा ऐकलं नाही तर पुन्हा बोला.

जुलाब मोजणं, लघवी विसरणं

"आठ वेळा झाली" हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. शेवटची लघवी कधी झाली, विचारलं की घरचे एकमेकांकडे बघतात. आम्हाला ती वेळ जास्त कामाची. सोबत रडताना डोळ्यांत पाणी येतं का, डोळे खोल गेलेत का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट होते की रेंगाळते, तेही बघा. ओआरएसची पुडी जेवढ्या पाण्यासाठी आहे तेवढ्यातच एकदम मिसळायची. एक लिटरची पुडी अंदाजाने थोडी थोडी पेल्यात टाकली, तर मिठाचं प्रमाण बिघडतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा.

निदान बरोबर घेऊन येणं

"दात येतायत, म्हणून ताप आलाय." दात येताना हिरड्या दुखतात, लाळ गळते, मूल किरकिरं होतं. १०२ ताप त्याने येत नाही. असं निदान आधी कानावर पडलं की ऐकणाऱ्याचंही लक्ष तिकडे वळतं. काय दिसलं ते सांगा, कशामुळे ते नंतर बघू. फिट आली असेल तर जमल्यास व्हिडिओ काढा, पण आधी कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबली नाही, तर रुग्णवाहिका बोलवा.

सगळं आईला विचारणं

सात वर्षांची मुलगी, तीन आठवडे पोट दुखतंय. आई सांगत होती, मी लिहीत होते, मुलगी छताकडे बघत होती. मग मी पेन ठेवलं आणि म्हटलं, "एका बोटाने दाखव बरं, कुठे दुखतं?" तिने सगळा तळवा बेंबीभोवती फिरवला. रात्री दुखण्याने जाग येते का? नाही. उलट्या, ताप, शीतून रक्त? नाही. वजन वाढीच्या तक्त्यावरच्या तिच्या नेहमीच्या रेषेवर. यातलं एकही उत्तर 'हो' आलं असतं, वजन घटलं असतं किंवा बोट बेंबीपासून लांब एकाच जागी गेलं असतं, तर मी तिथेच डॉक्टरांना हाक मारली असती. पोटाला हात लावायला गेले, तर तिने ते दगडासारखं आवळून धरलं. म्हटलं, "कशाची भीती वाटतेय?"

"मला पण आजीसारखं कापतील का?"

तीन आठवडे हा प्रश्न तिच्या पोटात होता आणि घरात कुणाला माहीत नव्हता. मी 'काही होत नाही गं' म्हटलं नाही. आज फक्त हाताने दाबून बघायचंय, डॉक्टरही तेवढंच करतील, आणि काही करायची वेळ आली तर आधी तुलाच सांगू, असं सांगितलं. तेव्हा कुठे पोट सैल पडलं आणि नीट तपासता आलं. डॉक्टरांचं बघून झाल्यावर आईला एक वही करायला सांगितली. दुखलं कधी, त्या दिवशी शाळा होती का, शी झाली होती का. दोन आठवड्यांनी वही घेऊन या, आणि दुखलं किती ते मुलीलाच लिहू द्या.